वाचकांचे प्रश्न : रात्री अकरानंतरचं ओपन सोर्स

या महिन्यात आलेल्या पत्रांमधली चार पत्रं एकाच विषयावरची निघाली, ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो असं सॉफ्टवेअर, आणि चारही वेगवेगळ्या बाजूंनी लिहिलेली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत. पहिल्या पत्राला खूप जागा दिलीये, कारण ते वाचल्यापासून तीन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीये.

प्रश्न : दादा नमस्कार. गेली सहा वर्षं मी एक छोटं ओपन सोर्स टूल सांभाळतोय, सबटायटलच्या फाइली एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात करून देणारं. स्वतःला हवं होतं म्हणून लिहिलं, लोकांना आवडलं, वापर वाढत गेला. आता १४० इश्यू (लोकांच्या तक्रारी आणि मागण्या) उघडे आहेत, ३१ पुल रिक्वेस्ट (लोकांनी करून पाठवलेले बदल) पडून आहेत आणि शेवटची रिलीज (नवी आवृत्ती) काढून चौदा महिने झाले. नोकरी सांभाळून रात्री अकरानंतर बसतो. हल्ली नोटिफिकेशनचा ठिपका दिसला की पोटात गोळा येतो, लॅपटॉप उघडतो आणि काहीच न करता बंद करतो. मागच्या महिन्यात एकाने लिहिलं, 'जमत नसेल तर सोडा ना, लोकांचा वेळ कशाला घालवताय', त्या रात्री झोप लागली नाही. सगळा रिपो, म्हणजे कोड ठेवलाय ती जागाच, डिलीट मारावा असं दोनदा मनात आलं. त्यात आता एक जण मागे लागलाय, कधी भेटलो नाही, पण दोन-तीन चांगले पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) दिलेत त्याने, म्हणतो मला पूर्ण अ‍ॅक्सेस द्या, मी बघतो सगळं. देऊन मोकळा होऊ का? आणि मी आळशी झालोय का?

उत्तर : मित्रा, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. आळशी झालेला नाहीयेस तू. आळशी माणसाच्या पोटात गोळा येत नाही, तो नोटिफिकेशन बंद करून निवांत झोपतो. तुझं जे झालंय त्याला बर्नआउट म्हणतात आणि हा शब्द आपल्या कामाच्या किती जवळचा आहे बघ, १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तो मांडला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर ऑफिसातले लोक नव्हते, न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात स्वखुशीने राबणारी मंडळी होती, आणि तो स्वतःही त्यांच्यातलाच. म्हणजे जो मनापासून आणि बिनपगारी करतो तोच आधी जळतो हे तेव्हाच दिसलं होतं. पुढे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची व्याख्या केली, आजार म्हणून नाही, कामातून येणारी अवस्था म्हणून, आणि तीन खुणा सांगितल्या: ताकद संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवट होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. तुझं पत्र परत वाच, तिन्ही आहेत त्यात.

तू लिंक दिली होतीस म्हणून तुझे इश्यू मी बसून वाचले. त्यातला एक इथे सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला हे काम नेमकं कसं असतं ते कधी दिसतच नाही. इश्यूचं नाव, 'पहिलं सबटायटल गायब होतं, अर्जंट'. व्हर्जन दिलेलं नाही, फाइल जोडलेली नाही, विंडोज की लिनक्स तेही नाही. तू नम्रपणे विचारलंस, नऊ दिवसांनी उत्तर म्हणून एक स्क्रीनशॉट आला. आता स्क्रीनशॉटमध्ये तो दोष दिसणं शक्यच नव्हतं कारण दोष न दिसणाऱ्या गोष्टीत होता, कुठल्यातरी एडिटरने फाइल सेव्ह करताना अगदी सुरुवातीला तीन बाइट घुसवले होते, ज्याला आपण बॉम म्हणतो, आणि त्यामुळे पहिल्या ओळीतला १ हा आकडा तुझ्या टूलला आकडा वाटतच नव्हता, मग तो अख्खा तुकडाच ते सोडून द्यायचं. हे शोधायला तुझ्या दोन रात्री गेल्या. आणि फिक्स केवढा? एन्कोडिंगच्या नावापुढे चार कॅरेक्टर. मग त्याची टेस्ट, म्हणजे फिक्स आपोआप तपासणारा छोटा कोड, लिहिली, ती लिनक्सवर पास झाली आणि विंडोजवर लाइन एंडिंगमुळे (ओळ संपल्याची खूण तिथे वेगळी असते) आपटली, ते निस्तरण्यात तिसरी रात्र. ज्याने इश्यू टाकला होता तो परत फिरकला नाही, आणि खाली तिसऱ्याच कुणीतरी लिहिलं, 'एवढ्याशा गोष्टीला तीन आठवडे?'

आता हिशोब कर. आठवड्यात चार रात्री, दीड-दीड तास, म्हणजे सहा तास. १४० इश्यूंना प्रत्येकी फक्त दोन तास धरले तरी २८० तास, म्हणजे जवळजवळ सत्तेचाळीस आठवडे, आणि तेही त्या वर्षभरात एकही नवीन इश्यू आला नाही, कुणी भांडलं नाही आणि तू एकदाही आजारी पडला नाहीस तर. हे तुझ्याच्याने होणार नाही, माझ्याच्यानेही होणार नाही, कुणा एकट्याच्यानेच होणार नाही. एवढं एकदा स्वतःला स्पष्ट सांगितलंस की पुढचं बोलता येतं.

मी एक छोटी लायब्ररी (दुसऱ्यांनी आपल्या प्रोग्राममध्ये वापरायचा तयार कोड) नऊ वर्षं सांभाळली आणि पाचव्या वर्षी मी तुझ्याच जागी होतो. तेव्हा रीडमीच्या, म्हणजे प्रोजेक्टच्या माहितीच्या पानाच्या, सगळ्यात वर तीन ओळी टाकल्या: मी चार महिने थांबतोय, या काळात फक्त सुरक्षेच्या गोष्टी बघेन, घाई असेल त्यांनी खुशाल फोर्क करावा, म्हणजे स्वतःची वेगळी प्रत काढून बदलावी. त्या तीन ओळी लिहायला मला पूर्ण एक आठवडा लागला होता, इतकी लाज वाटत होती. पहिल्या पंधरा दिवसांत दोन रागाचे मेल आले, मग शांतता. एका वापरणारीने फोर्क काढून तिला हवं ते करून घेतलं आणि मी परतलो तेव्हा सगळ्यात आधी तिचाच पॅच मर्ज केला, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतला. लोकांना हळू चाललेलं चालतं रे, कळत नाहीये ते चालत नाही. चौदा महिने काहीच न बोलता गेले की वापरणारा चिडतो आणि गप्प बसल्याचं ओझं आपल्यालाही होतं.

म्हणून या आठवड्यात कोडला हात न लावता एवढंच कर. रीडमीत खरी परिस्थिती लिही. फोनवरची नोटिफिकेशन काढून टाक, आठवड्यातली एक रात्र ठरव आणि फक्त त्या रात्री इश्यू उघड. दोन वर्षांपेक्षा जुने आणि फाइल न दिलेले इश्यू दोन ओळींचं माणसासारखं उत्तर लिहून बंद कर. त्यासाठी बॉट (आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम) लावू नकोस, मला ते बॉट अजिबात आवडत नाहीत, ज्याने तासभर घालवून नीट इश्यू लिहिलाय त्याला मशीनकडून 'हालचाल नाही म्हणून बंद' असं आलं की तो माणूस कायमचा जातो. नव्या फॉरमॅटच्या मागण्यांना सरळ 'हे या टूलमध्ये होणार नाही' असं सांग, 'बघू' म्हणू नकोस, प्रत्येक 'बघू' तुझ्या डोक्यावर बसून राहतं. आणि तो जो 'सोडा ना' म्हणाला त्याला उत्तर देत बसू नकोस, ब्लॉक कर. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

डिलीट मात्र करू नकोस. २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं एक अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने वादातून एनपीएमवरून (जावास्क्रिप्टचा तयार कोड जिथून घेतात ते कोठार) काढून टाकलं आणि ज्यांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं अशा असंख्य लोकांचे बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार करण्याचं काम, बंद पडले. अगदीच नको झालं तर रिपो आर्काइव्ह कर, कोड वाचता येतो, फोर्क करता येतो, नवे इश्यू येत नाहीत, आणि मन बदललं तर परत उघडता येतो.

आता तो अ‍ॅक्सेस मागणारा. तो चांगला असेलही, बहुतेक असतात, पण दमलेल्या अवस्थेत चाव्या देऊ नकोस. एक्सझेड युटिल्सचं प्रकरण तुला आठवत असेल. जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असलेलं ते कॉम्प्रेशनचं, म्हणजे फाइली लहान करायचं, टूल वर्षानुवर्षं एकच जण सांभाळत होता, २०२२ मध्ये त्याने जाहीरपणे लिहिलं होतं की मानसिक तब्येतीमुळे पूर्वीसारखं लक्ष देता येत नाही आणि हे बिनपैशाचं छंदाचं काम आहे. त्याच सुमारास काही अनोळखी नावांनी मेल येत होते, एवढा उशीर का, दुसरा मेन्टेनर (प्रोजेक्ट सांभाळणारा) नेमा. आणि दुसरीकडे एक जण शांतपणे चांगले पॅच देत होता. हळूहळू तो सहमेन्टेनर झाला, रिलीज काढायला लागला, आणि २०२४ च्या ५.६.० आणि ५.६.१ या रिलीजमध्ये त्याने मागचा दरवाजा, म्हणजे इतरांच्या कॉम्प्युटरमध्ये चोरून शिरायची वाट, बसवून ठेवला. तो सापडला तोही आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या इंजिनिअरला एसएसएचच्या (दूरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे शिरायची सोय) लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय हा प्रश्न पडला म्हणून. मी हे सांगतोय ते त्या दमलेल्या मेन्टेनरला दोष द्यायला अजिबात नाही. त्याने आपली अडचण उघडपणे सांगितली होती, आणि मदतीच्या रूपात जे आलं ते हे होतं. त्या माणसाबद्दल मला आजही फार वाईट वाटतं.

तेव्हा तुझ्याकडच्या माणसाला आधी इश्यू चाळायचा अधिकार दे, लेबल लावणं, माहिती मागणं, डुप्लिकेट बंद करणं. हे कंटाळवाणं काम आनंदाने सहा महिने करणारा माणूस खरा. मग मर्जचा अधिकार, पण दुसऱ्या कुणीतरी बघितल्याशिवाय मर्ज नाही. रिलीजची चावी सगळ्यात शेवटी. 'लगेच द्या' म्हणून जो रेटा लावतो त्याला तर आणखी थांबव.

आणि एक, झोप नाही, कशातच मन लागत नाही असं टूल बाजूला ठेवल्यावरही दोन-तीन आठवडे चालू राहिलं तर डॉक्टरकडे जा. ते रीडमीने बरं होणारं नाही.

प्रश्न : मी एक ओपन सोर्स ड्रॉइंग टूल वापरते. त्यातल्या एका फीचरची मागणी मी दोन वर्षांपूर्वी केली, चाळीसेक लोकांनी अंगठे दिलेत, तरी काहीही हललेलं नाही. दर महिन्याला मी 'काही अपडेट?' विचारते, उत्तर नाही. करायचंच नसेल तर प्रोजेक्ट लोकांसाठी उघडं ठेवलंय तरी कशाला? आणखी चार माणसं घेत का नाहीत?

उत्तर : तुमचा वैताग खरा आहे आणि उत्तरच न मिळणं हे कुणालाही लागतंच. पण आधी वेगाबद्दल बोलू. इंकस्केप हे ओपन सोर्स ड्रॉइंग टूल सुरू झालं २००३ मध्ये आणि त्याचं १.० व्हर्जन आलं २०२० मध्ये. फोटो एडिट करायच्या गिम्पचं २.१० आलं २०१८ च्या एप्रिलमध्ये आणि ३.० आलं २०२५ च्या मार्चमध्ये, सात वर्षांनी, आणि त्या सात वर्षांतलं बरंचसं काम असं की वापरणाऱ्याला स्क्रीनवर दिसणारच नाही, खालची जुनी टूलकिट (बटणं, खिडक्या दाखवणारा कोड) बदलून नवी बसवायची, म्हणजे घरात माणसं राहत असताना पाया बदलायचा. तिथे कुणी झोपलेलं नव्हतं. उरलेल्या वेळात काम केलं की वेग एवढाच असतो.

चार माणसं घ्या म्हणणं सोपं वाटतं. कॉम्प्युटर शास्त्रज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो, कारण नव्यांना शिकवायला जुन्यांचाच वेळ जातो. तिथे निदान पगारी माणसं होती. इथे शिकवलेला माणूस दोन महिन्यांनी परीक्षा आली, बाळ झालं, नोकरी बदलली म्हणून निघून जातो, आणि त्यात त्याची चूक काहीच नसते.

अंगठ्यांनी कोड लिहिला जात नाही. तुमचा 'काही अपडेट?' हा मेसेज त्या इश्यूवर असलेल्या प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये जातो आणि वरच्या पत्रातला पोटातला गोळा आठवा, तो असाच तयार होतो. त्याऐवजी काय करता येईल? तुम्ही रोज ते टूल वापरता, म्हणजे तुम्हाला त्याची नाडी माहीत आहे. रविवारी एक तास काढा, जुने दहा बग (दोष) घ्या, आताच्या व्हर्जनमध्ये ते अजून होतायत का एवढंच बघा आणि लिहा: या व्हर्जनमध्ये, या सिस्टिमवर, या तीन पायऱ्या केल्या, असं झालं किंवा नाही झालं. यासाठी प्रोग्रामिंग येणं लागत नाही. माझ्या लायब्ररीवर एक शिक्षिका हे काम दीड वर्ष करत होत्या, कोडची एक ओळ त्यांनी कधी लिहिली नाही, आणि त्यांनी जेवढा माझा वेळ वाचवला तेवढा कुठल्याच प्रोग्रामरने वाचवला नाही. तुमच्या फीचरबद्दलही असंच, 'हवंय' च्या ऐवजी ते वापरताना स्क्रीनवर काय दिसावं, आधीच्या फाइली उघडल्या तर काय व्हावं हे एका पानात लिहा. बरेचदा काम अडलेलं असतं ते कोणीच हे ठरवलेलं नसतं म्हणून.

आणि उघडं का ठेवलंय याचं उत्तर लायसन्समध्येच आहे. 'आहे तसं, कुठल्याही हमीशिवाय' हे वाक्य जवळपास प्रत्येक ओपन सोर्स लायसन्समध्ये असतं. तुम्हाला वापरायची, बघायची, बदलायची, दुसऱ्याला द्यायची मोकळीक दिलीये. वेळ देण्याचं वचन त्यात नाहीये.

प्रश्न : आमच्या कंपनीचं प्रॉडक्ट बऱ्याच ओपन सोर्स लायब्रऱ्यांवर उभं आहे. मी टीम लीड आहे, मॅनेजर म्हणतात फुकट मिळतंय तर पैसे कशाला द्यायचे. काय सांगू त्यांना?

उत्तर : त्यांना हार्टब्लीडची गोष्ट सांगा. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएलमधला तो बग बाहेर आला तेव्हा कळलं की इंटरनेटवरच्या प्रचंड मोठ्या भागाचं कुलूप असलेल्या या प्रोजेक्टला देणग्या मिळत होत्या वर्षाला साधारण २००० डॉलर आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस होता एक. बग दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडलेला होता. मग मोठमोठ्या कंपन्यांनी घाईघाईने निधी उभा केला. २०२१ च्या डिसेंबरमध्ये लॉग४जे या प्रोग्रामच्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीत दोष सापडला त्या वेळी परत तेच, जगभरातल्या टीम रात्री जागत होत्या आणि दुरुस्ती करत होते ते मुख्यतः स्वयंसेवक.

पण नुसते पैसे पाठवून काम झालं असं समजू नका. तुमच्या डिपेंडन्सींची, म्हणजे तुमचं प्रॉडक्ट ज्यांच्यावर उभं आहे त्या लायब्रऱ्यांची, यादी काढा, त्यातल्या कुठल्या एकट्या माणसावर चालतात ते बघा, हे काम एका दिवसाचं आहे. अशा दोन-तीन निवडा आणि तुमच्या टीममधल्या एकाला आठवड्यातला अर्धा दिवस, ऑफिसच्या वेळेत, पगारी, तिथे काम करू द्या. नवी फीचर घेऊन जाऊ नका, पडून असलेल्या टेस्ट आणि बग घ्या. पैसे देणार असाल तर दरवर्षी द्या आणि बदल्यात आमचा इश्यू आधी बघा असं म्हणू नका, नाहीतर त्या माणसाला दुसरी नोकरी लागल्यासारखं होतं. आणि तुमच्या सिक्युरिटी टीमला सांगा की कोड तपासणाऱ्या स्कॅनरने किंवा एआयने काढलेला रिपोर्ट स्वतः तपासल्याशिवाय मेन्टेनरकडे पाठवायचा नाही. खोटा निघालेला एक रिपोर्ट त्याची अख्खी संध्याकाळ खातो.

प्रश्न : माझा नवरा रोज रात्री असल्याच एका प्रोजेक्टवर बसतो. पैसे मिळत नाहीत, उलट कुणीतरी काहीतरी लिहितं आणि हा दोन दिवस घुम्यासारखा असतो. मी बंद कर म्हटलं की भांडण. मुलगी विचारते बाबा चिडलेत का. मी काय करू?

उत्तर : ताई, 'बंद कर' म्हणू नका. त्याला ते 'तू केलेलं सगळं वाया गेलं' असं ऐकू येतं. त्याने लिहिलेली गोष्ट कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या कामी येते, हे सुख फार मोठं असतं, मी त्यातून गेलोय म्हणून सांगतो, आणि तेच सुख हल्ली त्याला मिळत नसणार, फक्त तक्रारी मिळत असणार. पण तुमची आणि मुलीची संध्याकाळ त्यात जातेय हेही तितकंच खरं आहे आणि ते त्याला सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. भांडणाच्या वेळी नाही, सकाळी सांगा. मुलीने काय विचारलं ते तिच्याच शब्दांत सांगा, त्यावर स्वतःचं काही जोडू नका.

मग एकच गोष्ट मागा: ठरलेल्या रात्री. आठवड्यात दोन, कुठल्या ते त्याने ठरवावं, त्या रात्री तुम्ही त्याला हाक मारणार नाही, बाकीच्या पाच रात्री तो लॅपटॉप उघडणार नाही. घाणेरडं काही आलं असेल तर ते त्याने एकट्याने वाचत बसायचं नाही, तुम्हाला वाचून दाखवायचं. हे करून बघा, मोठ्याने वाचलं की त्या वाक्यांचा निम्मा जोर जातो. आणि कधीतरी त्या दोन रात्रींपैकी एका रात्री दहा मिनिटं शेजारी बसून विचारा की आज कुठला बग आहे. नाही कळलं तरी चालेल, त्याला समजावून सांगू द्या. हा अंक घरी आला की पहिलं पत्र त्याला वाचायला द्या, आणि त्याला वाटलं तर मला लिहायला सांगा, मी उत्तर देईन.